गावाचा नकाशा सर्वांना उघडता यावा

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेस अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात मुसळधार पाऊस पडतो, तर जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवून पाणलोट विकासाचा आदर्श घालून दिला. अशा कामात नकाशाचे महत्त्व मोठे आहे. उतार कोणीकडे, ओढा कोणत्या गटातून वाहतो, बांध कोठे घालावा, हे त्यावरून ठरते. आता हे नकाशे संगणकातील फायलींत साठविले जातात. म्हणून त्या फायली कोणास उघडता येतात, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

अनेक नमुने, एक दुभाषी

पाणलोट आराखड्यास निरनिराळी माहिती लागते. जमिनीची उंची व उपग्रहचित्रे बहुधा ‘जिओटिफ’ नमुन्यात असतात. गटांच्या सीमा ‘शेपफाइल’मध्ये, तर मोबाइलवर नोंदविलेली विहिरींची स्थाने ‘केएमएल’मध्ये येतात. प्रत्येक नमुन्याची मांडणी वेगळी असल्याने ही माहिती एकत्र आणण्यास दुभाषी लागतो. हे कार्य ‘जीडाल’ नावाची लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे इतर संगणक प्रणालींना वापरता येईल असा तयार आज्ञावलींचा संच होय.

फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली जीडालचा प्रारंभ केला. आज ती शंभराहून अधिक नमुने वाचू शकते व त्यांपैकी अनेकांत लिहूही शकते. तिची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असून ती वापरण्यास शुल्क नाही. नकाशे तयार करण्याची ‘क्यूजीआयएस’ ही मोफत प्रणाली याच लायब्ररीवर आधारलेली आहे. भारत सरकारनेही २०१५ साली शासकीय कामकाजात मुक्त स्रोत प्रणालींचा अवलंब करण्याचे धोरण जाहीर केले.

बांध दुसऱ्याच्या शेतात

फाइल उघडली म्हणजे नकाशा बरोबर जुळलाच, असे मात्र नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट’ या पृथ्वीच्या मापावर आधारलेले होते. मोबाइल व उपग्रह ‘डब्ल्यूजीएस ८४’ हे माप वापरतात. या दोहोंत रूपांतर न करता नकाशे एकमेकांवर ठेवल्यास या जिल्ह्यात सुमारे शंभर मीटरांचा फरक पडू शकतो. तेवढ्या अंतरात बांध शेजाऱ्याच्या गटात जाईल! हे रूपांतर ‘प्रोज’ ही दुसरी मुक्त लायब्ररी करते. परंतु कोणते माप वापरले, याची नोंद फायलीसोबत असणे आवश्यक आहे.

मराठी नावांची अडचण

शेपफाइल ही प्रत्यक्षात अनेक फायलींची जुडी असते. त्यांतील एक गहाळ झाली तरी काम अडते. तिच्यात स्तंभाच्या नावास केवळ दहा बाइट जागा असते. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह सध्याच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट व्यापते. त्यामुळे तीनच चिन्हे मावतात. लिपीची नोंद सोबत नसल्यास गावांच्या नावांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. २०१४ साली मान्य झालेल्या ‘जिओपॅकेज’ या खुल्या नमुन्यात सर्व माहिती एकाच फायलीत राहते व मराठी नावे जशीच्या तशी टिकतात.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलले. ज्या तक्त्यांची जुळणी केवळ नावावरून होत होती, त्यांत ‘अहमदनगर’ व ‘अहिल्यानगर’ हे दोन जिल्हे भासू शकतात. म्हणून जिल्हा व गावे यांच्या अधिकृत संकेतांकांवरून जुळणी करणे श्रेयस्कर.

नकाशाचे काम स्वीकारताना ग्रामपंचायतीने चार गोष्टी पाहाव्यात : फाइल खुल्या नमुन्यात आहे काय, मापाची नोंद आहे काय, मराठी नावे नीट वाचता येतात काय आणि गावाचा संकेतांक दिला आहे काय. शाळेतील संगणकावर क्यूजीआयएस बसवून शिक्षकांनाही ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. कागदी गावनकाशा पिढ्यान्पिढ्या वाचता आला. संगणकातील नकाशाही तसाच पुढील पिढीच्या हाती वाचनीय राहिला, तरच त्यावर झालेला खर्च सत्कारणी लागेल.