लांकूडतोड्याचें एंजिन आणि हौसेचें विमान

खेळण्यांतलें विमान म्हटलें म्हणजे कागदाचें, फार तर बांबूच्या काड्यांचें व रबराच्या पिळानें उडणारें विमान आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहील. परंतु अमेरिकेंतील हौशी मंडळींनीं ह्या खेळास जें स्वरूप दिलें आहे, तें पाहिलें असतां 'खेळणें' हा शब्द अपुरा वाटूं लागतो. तेथील मोठ्या नमुना-विमानांच्या मेळाव्यांत पंखांची एकच जोडी असलेलें विमान टोकापासून टोकापर्यंत निदान ८० इंच असावें लागतें. दोन जोड्यांच्या विमानास ६० इंच पुरतात. जमिनीवर उभा असलेला माणूस रेडिओच्या लहरींनीं तें चालवितो. एवढें धूड ओढण्याचें बळ पुष्कळांनीं कोठून मिळविलें म्हणाल, तर झाडें तोडण्याच्या यांत्रिक करवतींतून, म्हणजे चेनसॉमधून! हें कसें साधतें, आणि त्यांत धोका कोठें आहे, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

नमुना-विमानास पेट्रोलचें एंजिन बसविण्याची कल्पना जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊन ह्या तरुणाचें 'ब्राऊन ज्युनिअर' हें चिमुकलें एंजिन १९३४ मध्यें विक्रीस आलें. १९३७ मध्यें वॉल्टर व विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनीं आपलें विमान रेडिओच्या साह्यानें उडविलें. पुढें १९४७ मध्यें रे आर्डेन ह्यानें तप्त तारेचा प्लग बाजारांत आणला, आणि पेट्रोल मागें पडून मेथॅनॉल व एरंडेल तेल ह्यांच्या मिश्रणावर चालणारीं हलकीं एंजिनें सर्वत्र झालीं. लहान विमानास तीं उत्तम. पण विमानें मोठीं होऊं लागलीं, तेव्हां तें महाग इंधन परवडेना. इकडे अंगणांत जळाऊ लांकडांच्या ढिगाशेजारीं चेनसॉ पडलेलीच होती!

योगायोग असा कीं, लांकूडतोड्याच्या सोयीसाठीं जें केलें तेंच वैमानिकाच्या कामीं आलें. साध्या मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरांत एक लहानशी वाटी असते व तींत पेट्रोलची पातळी राखलेली असते. वाटी कलंडली कीं पुरवठा बिघडलाच. पण लांकूड तोडणारा आपली करवत कधीं आडवी धरतो, कधीं उलटी, कधीं डोक्याच्या वरच्या फांदीस लावतो. म्हणून चेनसॉच्या कार्ब्युरेटरांत वाटीऐवजीं पातळ लवचीक पडदे असतात. दट्ट्या वरखालीं होतांना खालच्या पेटींत जो दाब कमीजास्त होतो, त्याच्या धक्क्यानें एक पडदा पंपाप्रमाणें पेट्रोल ओढून घेतो, व दुसरा हवें तेवढेंच पुढें सोडतो. हें एंजिन कोणत्याहि अंगावर सारखेंच चालतें, आणि विमानानें आकाशांत कोलांटी घेतली तरी त्याचा घसा कोरडा पडत नाहीं.

आतां रूपांतर. सुमारें ५० घन सेंटिमीटरांची करवत घेतली, तर तिचें पातें, साखळी, मूठ, ब्रेक, क्लच, साखळीस तेल देणारा पंप, दोरीचा स्टार्टर, हें सर्व काढून टाकावें लागतें, आणि पांच-साडेपांच किलोंच्या यंत्रांतून निम्म्या वजनाचें एंजिन उरतें. इतकें वाचून कोणास वाटेल, कीं हें काम म्हणजे केवळ मोडतोड. परंतु ग्यानबाची मेख येथेंच आहे. काढून टाकलेला प्रत्येक भाग कांहींतरी काम करीत होता. भाग गेला तरी काम उरतेंच, व तें दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावें लागतें.

गतिचक्राचेंच पाहा. त्यावरील पातीं वारा फेकून सिलिंडर थंड ठेवतात. वजन वांचविण्यासाठीं तीं लेथवर उतरविलीं, कीं थंड करण्याची जबाबदारी प्रॉपेलरच्या वाऱ्यावर येते. आणि वारा मोठा आळशी! सोपी वाट सांपडली तर तो तप्त सिलिंडरास वळसा घालून निघून जातो. म्हणून एंजिनाच्या झांकणांत आडोसे बसवून त्यास सिलिंडराच्या कंगोऱ्यांमधूनच जाण्यास भाग पाडावें लागतें, व बाहेर पडण्याची वाट आंत येण्याच्या वाटेहून दुप्पट तरी ठेवावी लागते. त्याच गतिचक्रांत मॅग्नेटोचें लोहचुंबकहि असतें. प्रॉपेलर हातानें फिरवून एंजिन सुरू करतांना चुंबकाची गती अपुरी पडली, तर ठिणगी दुबळी पडते. कित्येक जण ह्याचसाठीं मॅग्नेटो काढून बॅटरीवरील ठिणगी-यंत्र बसवितात.

प्रॉपेलर कोणत्या बाजूस लावावा, हाहि प्रश्न आहेच. बहुतेक चेनसॉंत क्लचच्या बाजूनें पाहिल्यास दांडा घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतो. तेथें नेहमींचा प्रॉपेलर लावला तर तो विमानास मागें ढकलील! त्या बाजूस उलट्या पिळाचा प्रॉपेलर हवा. नाहीं तर गतिचक्राच्या बाजूस आधार जखडून नेहमींचा बसवावा. हा आधार लेथवर अचूक कातला पाहिजे. दांड्याच्या मध्यापासून तो केसभर जरी ढळला, तरी विमानाचा सांगाडा खिळखिळा होतो.

आणि येथेंच घरांतील वडील मंडळींनीं कान द्यावा. २२ इंचांचा प्रॉपेलर मिनिटास ७,००० फेरे करूं लागला, म्हणजे त्याचें टोक ताशीं सुमारें ७३५ किलोमीटर वेगानें धांवतें. तें डोळ्यांस दिसत नाहीं, पण बोट मात्र क्षणांत तोडतें. चेनसॉचें पातें निदान भीति तरी घालतें; फिरता प्रॉपेलर नुसत्या धुक्याच्या चकतीसारखा भासतो. म्हणून शेपटी खुंटाला घट्ट बांधल्याविना एंजिन सुरू करूं नये, चालत्या प्रॉपेलरच्या पुढें किंवा बाजूस कोणास उभें राहूं देऊं नये, सुई-स्क्रू फिरविणाऱ्यानें मागूनच हात घालावा, आणि ठिणगी तोडणारें बटण सहज हाताशीं असावें. भाच्यापुतण्यांपैकीं कोणास हा नाद असेल, तर त्यास मना करूं नये असेंच आम्ही म्हणूं. कारण ह्या एका कामांत गणित, लोहारकाम आणि संयम हीं तिन्ही शिकतां येतात. मात्र ह्या अटी पाळल्याखेरीज घरांतील कोणीहि त्यास पेट्रोल आणून देऊं नये.

आज विमानासाठींच घडविलेलीं पेट्रोलचीं एंजिनें अमेरिकेंतून व चीनमधून तयार मिळतात, आणि लेथवाल्याची मजुरी धरली तर रूपांतरांत पैशाची बचत होतेच असें नाहीं. तरीहि ज्यास एंजिन आंतून ओळखावयाचें आहे, त्यानें जुनी करवत जरूर उघडावी. पहिल्यानें तें चालवावयाचें तें जमिनीवरच: ३२ भाग पेट्रोलास एक भाग दोन-फटक्यांच्या एंजिनाचें तेल, मिश्रण किंचित् तेजदार, आणि प्रॉपेलर लांकडी. विमानांत बसविण्यापूर्वीं दोनचार टांक्या अशाच जाळाव्या, आणि प्रत्येक टांकीनंतर सर्व बोल्ट पुन्हां आवळून पाहावे.