दुःख भोगलेले आणि गायिलेले

अमेरिकेत नॅशव्हिलच्या बाजारी थाटापासून फटकून राहणारा 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री' नावाचा गायनपंथ आहे. त्यातील गिलियन वेल्च या गायिकेची 'रिव्हायव्हल' ही पहिली तबकडी 1996 साली निघाली. गाणी नवी, पण वळण डोंगराळ मुलखातील जुन्या गरिबांच्या गाण्यांचे. कौतुक पुष्कळ झाले, ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले. परंतु काही टीकाकारांनी नाक मुरडले. बाई वाढल्या लॉस एंजेलिसला, आईबाप दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना संगीत देणारे. तेव्हा हे दुःख उसने, असे त्यांचे म्हणणे.

आक्षेप अगदीच पोकळ नाही. गरिबीचे सोंग आणून टाळ्या घेणारे व्यासपीठावर आम्हीही पाहिले आहेत. (त्यांत पुढारीच अधिक!) पण कसोटी जन्मदाखल्याची लावावयाची की गाण्याची? 'वन मोअर डॉलर' ऐकावे. घर सोडून फळबागेत मजुरीला गेलेला माणूस, घरची ओढ, आणि एके दिवशी फांद्या गोठतात नि मालक दारातूनच परत लावतो. हंगामी मजुरांत आमचे आयुष्य गेले; रोजगार असाच तुटतो, भांडणावाचून, एका रात्रीत. आणि 'ऑर्फन गर्ल' हे अनाथ मुलीचे गाणे, जे एमिलू हॅरिस यांनी 1995 सालीच आपल्या तबकडीत घेतले होते, ते लिहिणाऱ्या वेल्चबाई स्वतः दत्तक कन्या आहेत.