विचरण कलन
गणितीय विश्लेषणाची एक शाखा. एखाद्या चलाच्या कोणत्या मूल्यास दिलेले फलन लघुतम वा महत्तम होते, ते सामान्य कलनात काढतात. विचरण कलनात शोधावयाचा असतो तो संपूर्ण वक्र किंवा पृष्ठभाग. प्रत्येक वक्राशी समाकलाच्या रूपातील एक राशी (उदा., लांबी, लागणारा काळ) निगडित असते, तीस ‘फलनक’ म्हणतात.

एकाखाली एक नसलेल्या, पण कमीजास्त उंचीच्या दोन बिंदूंमध्ये केवळ गुरुत्वाकर्षणाने घसरणारा कण कोणत्या वक्रावरून सर्वांत कमी वेळात पोहोचेल, हा प्रश्न योहान बेर्नुली यांनी जून १६९६ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला. सरळ रेषा सर्वांत आखूड खरी. परंतु आरंभीच्या तीव्र उतारामुळे मिळणारा वेग वाढीव अंतराची भरपाई करून उरतो. गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये सुचविलेला वर्तुळकंसही बरोबर नाही. उत्तर आहे चक्रज. योहान यांची, प्रकाशाच्या प्रणमनाशी साम्य जोडणारी रीत अधिक आकर्षक होती; व्यापक ठरली ती मात्र त्यांचे बंधू याकोप यांची. ऑयलर यांनी १७४४ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. १७५५ मध्ये एकोणीस वर्षांच्या लाग्रांझ यांनी पत्राने कळविलेली रीत त्यांनी स्वतःच्या रीतीहून श्रेष्ठ मानून स्वीकारली आणि विषयाला हे नाव दिले.

या रीतीत वक्राची टोके स्थिर ठेवून त्यात सूक्ष्म बदल, म्हणजे विचरण, करतात. वक्र इष्ट असल्यास फलनकातील प्रथम कोटीचा बदल शून्य असला पाहिजे. त्यावरून खंडशः समाकलनाने ऑयलर-लाग्रांझ अवकल समीकरण मिळते.

विद्यार्थी बहुधा येथेच थांबतो आणि फसतो. कारण ही अट आवश्यक आहे, पर्याप्त नाही. गोलावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या बृहद्‌वर्तुळाचे दोन्ही कंस हे समीकरण पाळतात. लघुतम अंतर मात्र लहान कंसाचेच असते. मोठा कंस आरंभबिंदूच्या अगदी समोरचा ‘संयुग्मी बिंदू’ ओलांडतो व तेथून पुढे लघुतम राहत नाही. याकोबी यांनी १८३७ मध्ये यासंबंधीची कसोटी दिली. भौतिकीतील ‘लघुतम क्रियेचे तत्त्व’ हे नावही याच कारणाने दिशाभूल करणारे आहे. सरल हरात्मक गतीत अर्धा आवर्तकाल उलटल्यावर क्रिया लघुतम नसते, केवळ स्थिर असते.

लघुतम मूल्य देणारा वक्र अस्तित्वात असतोच, असेही नाही. भुज व वक्राचा उतार यांच्या गुणाकाराच्या वर्गाचा –१ ते १ या मर्यादांतील समाकल घ्यावा व टोकांच्या उंची भिन्न ठेवाव्यात. सगळा चढ शून्याजवळच्या अरुंद पट्टीत कोंबला की समाकल हवा तितका लहान करता येतो. पण तो शून्य व्हावयाचा तर उतार सर्वत्र शून्य हवा, म्हणजे उंची समान हव्यात. वायरश्ट्रास यांच्या १८७० मधील या उदाहरणाने रीमान यांनी वापरलेल्या डिरिक्ले तत्त्वाचा आधार डळमळला. हिल्बर्ट यांनी १९०० च्या सुमारास योग्य अटी घालून ते तत्त्व पुन्हा प्रस्थापित केले.