म्हातारपण मेलेल्या पेशींमुळे येतं का?

वार्धक्याचं सगळं संशोधन अमेरिका-जपानात होतं असं समजू नका. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आहे. तिथले डॉ. इंद्रनील मित्रा यांचा सिद्धांत मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. त्यांच्यातले डीएनएचे तुकडे रक्तातून फिरतात. डॉ. मित्रा यांच्या मते ते निरोगी पेशींत शिरतात, तिथला डीएनए बिघडवतात आणि दाह वाढवतात. वय चढतं ते यातूनच, असं ते मानतात. हे तुकडे मोडायला त्यांनी द्राक्षात सापडणारं रेझवेराट्रॉल आणि अगदी लेशमात्र तांबं एकत्र केलं. 2022 साली त्यांच्या चमूचा निबंध आला: वर्षभर हे मिश्रण दिलेल्या उंदरांच्या मेंदूत वार्धक्याच्या अनेक खुणा कमी दिसल्या, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉलही उतरलं.

जपानचे संशोधक यामानाका यांची वाट वेगळी, पेशीचं वयच मागे फिरवण्याची. चार जनुकांनी प्रौढ पेशी मूळपेशीसारखी होते, हे त्यांनी 2006 मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवलं.

माणसाचं वय मागे फिरल्याचं मात्र यातल्या कशानेही सिद्ध झालेलं नाही. म्हणून आईवडिलांना मनाने अशा मिश्रणाच्या गोळ्या आणून देऊ नका. तांब्याच्या कळशीतलं पाणी म्हणजेही हे मिश्रण नव्हे. शरीरात तांबं जास्त झालं तर यकृताला बाधतं.