जांघेतील खाज आणि दुकानातील ट्यूब

जननेंद्रियांची आणि जांघेच्या घडीतील त्वचा नाजूक असून ती दिवसभर झाकलेली, घामाने ओलसर आणि कपड्याच्या घर्षणाखाली राहत असल्यामुळे तेथे बुरशी लवकर रुजते, साबणाचा दाहही लवकर होतो, आणि खाज सुटली तरी ती चारचौघांत सांगता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यात या सर्वसाधारण कारणांना हवामानाची आणि कामाच्या रीतीची जोड मिळते. तापीकाठच्या सपाटीवर उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊन पालांत राहतात, जेथे अंघोळीला पाणी आणि ओले कपडे वाळवायला जागा मिळेलच याची खात्री नसते. नंदुरबार शहरालगतच्या मिरची वाळवण्याच्या पथाऱ्यांवर राबणाऱ्या हातांचीही एक वेगळी अडचण आहे, ती अशी की मिरचीतील कॅप्सेसिन हे झोंबणारे द्रव्य नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आणि असा हात लघवीच्या वेळी त्या जागी लागला तर होणारी आग रोगाची नसून मिरचीची असते. लघवीला जाण्यापूर्वी हात तेल चोळून मग साबणाने धुणे हा त्यावरचा साधा उपाय होय.

पुरुषांच्या जांघेतील खाजेचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे गजकर्ण, ज्याला नायटा असेही म्हणतात. गजकर्ण म्हणा वा नायटा, हा किडा नव्हे, तर त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगणारी बुरशी आहे, आणि ती कडेने पसरत जाते म्हणून चट्ट्याची कड लाल व उंचट, तर मधला भाग निवळलेला दिसतो. वृषणाची त्वचा या बुरशीतून बहुधा सुटते, ही खूण निदानाला उपयोगी पडते. परंतु गेल्या दशकभरात भारतात हे सरळ चित्र बिघडले, आणि त्याचा मोठा दोष औषधाच्या दुकानात विनाचिठ्ठी मिळणाऱ्या मिश्र ट्यूबकडे जातो. या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध, जंतुनाशक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. स्टेरॉइड दाह दडपते, म्हणून दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बुरशीला रोखणारी शरीराची प्रतिक्रियाच मंदावते, कड पुसट होऊन चट्टा पसरतो, ट्यूब थांबवताच खाज दुपटीने उसळते, आणि महिनोन्महिने हेच चालू राहिले तर जांघेत कायमचे भेगांसारखे व्रण उमटतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत, आणली. तरी मागणारा आणि देणारा दोघेही सवयीचे असल्यावर नियमाचा धाक फारसा उरत नाही.

याच काळात ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी ओळखली गेली. जपानी संशोधकांनी २०२० मध्ये तिचे वर्णन केले आणि नावातच भारताचा निर्देश ठेवला; २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील रुग्णांतही ती आढळल्याची नोंद झाली. टर्बिनाफिन हे गोळीचे नेहमीचे औषध बुरशीच्या ज्या विकरावर काम करते, त्या विकराच्या जनुकातच या बुरशीत बहुधा बदल झालेला असल्यामुळे ते तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. म्हणूनच आजच्या गजकर्णाचे उपचार आठवड्यांत संपत नाहीत, आणि चट्टे मावळल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर औषध चालू ठेवावे लागते.

खरूज हे निराळे प्रकरण आहे. दाटीने झोपणाऱ्या आश्रमशाळांतील मुलांत आणि पालांवरील कुटुंबांत ती झपाट्याने पसरते. सूक्ष्म माइट त्वचेत बोगदे पोखरतो, रात्री खाज असह्य होते, आणि बोटांच्या बेचक्यांसोबत शिश्न व वृषणावर खाजणाऱ्या गाठी दिसतात. पाच टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर लावून आठवड्याने पुन्हा लावावे लागते, आणि घरातील सर्वांनी एकाच रात्री लावले नाही तर ते फुकट जाते.

स्त्रियांची खाज बहुधा अंगावरून पांढरे जाण्याशी जोडलेली असते. दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव आणि तीव्र खाज ही कँडिडा या यीस्टची खूण. दुर्गंधीयुक्त स्रावाची कारणे वेगळी, आणि त्यांपैकी ट्रायकोमोनास असेल तर जोडीदारालाही औषध घ्यावे लागते. गडचिरोलीतील दोन गावांच्या ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते, तर त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ही दरी लाजेइतकीच सोयींच्या अभावाची आहे.

कँडिडा वारंवार होत असेल, किंवा पुरुषाच्या शिश्नाग्राची कातडी लाल होऊन चिरत असेल, तर रक्तातील साखर तपासणे आवश्यक ठरते, कारण मधुमेहाचा पहिला सुगावा कधीकधी येथेच लागतो. कातडीवर पांढरे, चकचकीत चट्टे येऊन ती आवळत असेल तर लायकेन स्क्लेरोसस या विकाराची शंका घ्यावी. त्यात पुढे कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, आणि गंमत अशी की गजकर्णात घातक ठरणारे तेच तीव्र स्टेरॉइड येथे मुख्य औषध असते. जी ट्यूब एकाला बरे करते तीच दुसऱ्याला बिघडवते, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर औषध ठरत नाही.

जननेंद्रियावर फोड, जखम किंवा गाठ असेल, ताप असेल, अथवा गर्भवतीला खाज असेल, तर वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्धवट संपलेल्यासुद्धा, सोबत न्याव्यात.