जुन्या जीपगाडीत वायरलेस संच बसविताना घ्यावयाची काळजी

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शिरोळ तालुक्यात गावोगावची वीज गेली आणि विजेमागोमाग मोबाईल फोनही मुके झाले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी टॉवरवाचून बोलता येईल असे साधन म्हणजे दुतर्फा वायरलेस संच. चिखलातून व ओढ्यातून वाट काढणारी जुनी डिझेल जीप अनेक गावांत अजून चालू आहे, तेव्हा संच तिच्यातच बसवावा असे वाटणे साहजिक आहे. परंतु अशा गाडीच्या वायरिंगवरून अनेक मिस्त्रींचे हात फिरलेले असतात. तेथे चुकीच्या ठिकाणी जोडलेला संच अंगणात उत्तम बोलतो आणि पुराच्या रात्री बंद पडतो.

प्रथम परवान्याविषयी. गाडीत बसवावयाच्या संचासाठी केंद्रीय दूरसंचार खात्याच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना लागतो. हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना लेखी परीक्षा देऊन वयाच्या बाराव्या वर्षापासून मिळू शकतो. मात्र त्यावर ऊसतोडीच्या टोळ्या, ट्रॅक्टर किंवा बाजारभाव अशा धंद्याच्या गोष्टी बोलता येत नाहीत. त्यासाठी संस्थेने वेगळा परवाना घ्यावा. कमी शक्तीचे हातातले काही संच परवानामुक्त आहेत, पण त्यांना बाहेरची अँटेना जोडली की ती सवलत राहत नाही.

आता गाडीकडे वळू. बहुतेक संच १३.८ व्होल्टवर चालतात आणि त्यांचे ऋण टोक बॉडीला असावे लागते. आपली गाडी तशी आहे हे गृहीत धरू नये, मीटर लावून पाहावे. महायुद्धाच्या काळातील विलीज जीपची यंत्रणा ६ व्होल्टची होती. जुन्या इंग्लिश बनावटीच्या काही गाड्यांत व ट्रॅक्टरांत धन टोक बॉडीला असते. तेथे संच सरळ जोडल्यास तो तत्क्षणी जळू शकतो. २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट घेण्याची युक्ती मिस्त्री सुचवितात. ती मानू नये. एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि वर्ष-दीड वर्षात दोन्ही जातात. अशा गाडीसाठी व्होल्टेज उतरविणारा कन्व्हर्टर घ्यावा.

सर्वांत अधिक चुका वीज कोठून घ्यावी यात होतात. डॅशबोर्डामागे हॉर्नची किंवा वायपरची वायर सापडते आणि तिलाच संच जोडला जातो. ५० वॅटचा संच बोलताना सुमारे १० अँपिअर ओढतो, हे ध्यानात घ्यावे. बॅटरीपासून संचापर्यंत ३ मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन वायर ६ मीटर होते. १ चौ. मि.मी. तांब्याच्या वायरीत एवढ्या प्रवाहाला जवळजवळ १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असली तरी संचाला साडेअकराच मिळतात. मग आवाज फाटतो किंवा बोलण्याचे बटण दाबताच संच बंद होतो. ४ चौ. मि.मी. वायर घेतल्यास ही घट ०.३ व्होल्टच्या आत राहते. वायरीत वाचविलेले चार पैसे येथे फार महाग पडतात.

म्हणून दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात. प्रत्येक वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज घालावा. संचाजवळचा फ्यूज संच वाचवितो, पण बॅटरी व संच यांच्यामध्ये घासून उघडी पडलेली वायर पेटू नये म्हणून बॅटरीजवळचा फ्यूजच उपयोगी पडतो. ऋण वायरीलाही फ्यूज कशाला, असे कोणी विचारील. जुन्या जीपची अर्थिंगची पट्टी गंजून तुटली तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीचा मार्ग शोधत संचाच्या ऋण वायरीतून जाऊ पाहतो. ती पट्टी या निमित्ताने बदलूनच टाकावी, तिच्याखालचा रंग व गंज खरवडून लखलखीत धातूवर बोल्ट आवळावा आणि वर ग्रीस लावावे. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट बसवावा.

संच थेट बॅटरीवर असल्याने गाडी बंद केली तरी चालू राहतो. नुसते ऐकताना तो साधारण अर्धा अँपिअर घेतो. रात्रभरात ६ अँपिअर-तास गेले तर फारसे बिघडत नाही, पण आठवडाभर विसरला तर ७५ अँपिअर-तासाची बॅटरी बसते. वेगळा स्विच व लाल दिवा बसवावा. डायनामोच्या गाडीत आणखी एक अडचण आहे. इंजिन संथ फिरत असताना डायनामो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. पाण्यातून हळू जाताना हेडलाईट, वायपर व संच हे तिन्ही बॅटरीवरच चालतात. शक्य असल्यास अल्टरनेटर बसवून घ्यावा.

इंजिन वाढविले की ऐकण्यात शिट्टीसारखा आवाज चढतो, तो डायनामोच्या ब्रशांचा असतो. खरखर येते ती कटआऊटची. कम्युटेटर साफ करून ब्रश बदलल्यास बराच फरक पडतो. पेट्रोल गाडीत प्लगच्या ठिणग्यांचा टकटक आवाज येतो, त्यासाठी रेझिस्टरचे प्लग वापरावेत. डिझेल गाडीला हा त्रास नाही.

अँटेनेचे गणित हूडच्या जीपमध्ये बिघडते. १४५ मेगाहर्ट्झला पाव-लहरीची दांडी सुमारे ५० सेंटिमीटर लागते, पण तिच्याखाली धातूचा रुंद पत्रा हवा. ताडपत्रीचे छप्पर हे काम करीत नाही. दांडी बॉनेटच्या कडेला बसवावी, किंवा उद्यमनगरातून मजबूत ब्रॅकेट व पत्रा करून घेऊन मागे उंचावर बसवावी आणि ब्रॅकेट बॉडीला नीट अर्थ करावा. स्टँडिंग वेव्हच्या मीटरवर तपासून लांबी जुळवावी. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये. केबलच्या जोडावर पाणी न शिरणारी रबरी पट्टी गुंडाळावी आणि आत येण्यापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथून ठिबकून जाईल.

काम झाल्यावर इंजिन बंद व हेडलाईट चालू ठेवून बोलावे आणि मीटरने बॅटरीवरचे व संचावरचे व्होल्ट पाहावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास कोठेतरी जोड कच्चा आहे. नंतर मे महिन्यातच एकदा गाडी घेऊन आपल्या नेहमीच्या वाटांवर फिरावे. या लहरी डोंगर ओलांडत नाहीत: शिरोळ-नृसिंहवाडीच्या सपाटीवर दूरवर बोलणे होते, तर राधानगरी किंवा गगनबावड्याकडे एका वळणावर आवाज तुटतो. कोठे ऐकू येते व कोठे नाही ते कागदावर लिहून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डवर चिकटवावा, कारण पुराच्या वेळी गाडी चालविणारा माणूस दुसराच असू शकतो.