ताप नसलेला ‘दुग्धज्वर’. गाय व्याल्यानंतरचे तीन दिवस मोलाचे

जालना, प्रतिनिधी : गाय सुखरूप व्याली, वासरू उभे राहून सडाला लागले, घरात खरवसाची तयारी सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात पाहावे तर गाय मान पोटाकडे वळवून बसलेली. हाकारले तरी उठत नाही, वैरणीला तोंड लावत नाही, कान हाताला गार लागतात. अधिक दूध देणाऱ्या संकरित गाई ज्यांच्या दावणीला आहेत, अशा अनेक पशुपालकांच्या परिचयाचे हे दृश्य आहे. दृष्ट लागली किंवा व्यायला जड गेले, असे समजून अर्धा दिवस वाट पाहिली जाते आणि तोच अर्धा दिवस गाईच्या जिवावर बेततो. या विकारास दुग्धज्वर, अर्थात ‘मिल्क फीवर’ म्हणतात. वेळीच ओळखल्यास तो पूर्णपणे बरा होतो.

जालना जिल्ह्यातील शेती मुख्यत्वे पावसाच्या भरवशावर चालते. कापूस आणि सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. दुधाचे मात्र दर दहा दिवसांनी. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यानंतर अनेक कुटुंबांना दावणीच्या जनावरांचाच आधार उरला. अशा घरातील एकुलती एक दुभती गाय ऐन दुधाच्या तोंडावर दगावणे म्हणजे घरखर्चाची घडी विस्कटणेच होय.

तीन ग्रॅमचा हिशेब

नावात ज्वर असला तरी या विकारात ताप येत नाही. उलट गाईचे शरीर नेहमीपेक्षा थंड पडते. मूळ कारण आहे रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटणे. कॅल्शियम केवळ हाडांसाठी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल या साऱ्यांस ते आवश्यक असते.

निरोगी गाईच्या दर १०० मिलिलिटर रक्तरसात साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. संपूर्ण रक्तरसाचा विचार केला तर ते जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास भरते. व्याल्यानंतरच्या १० लिटर चिकातून मात्र २० ग्रॅमहून अधिक कॅल्शियम बाहेर पडते. ही तूट भरून काढण्यासाठी हाडांतील साठा मोकळा व्हावा लागतो आणि आतड्यांनी चाऱ्यातून अधिक कॅल्शियम शोषून घ्यावे लागते. ही यंत्रणा गाभण काळात संथ असते. तिला पूर्ण वेग येण्यास दोन-तीन दिवस लागतात. म्हणूनच बहुतेक गाई व्याल्यापासून ७२ तासांच्या आत आजारी पडतात.

वाढत्या वयाबरोबर हाडांतून कॅल्शियम सुटण्याची क्षमता कमी होते. त्यामुळे पहिलारू कालवडीत हा विकार सहसा आढळत नाही. तिसऱ्या वेतापासून धोका वाढत जातो. जर्सी व होल्स्टिन संकरित गाई आणि भरपूर दूध देणाऱ्या म्हशी यांना तो अधिक असतो. देवणी, लाल कंधारी या मराठवाड्याच्या देशी गाईंचे दूध बेताचे असल्याने त्यांच्यात तो क्वचितच दिसतो.

लक्षणे तीन टप्प्यांत

पहिल्या टप्प्यात गाय उभी असते. परंतु चारा सोडते, अंग थरथरते, मागील पाय अडखळतात. हा टप्पा तासाभरातच सरतो व म्हणून नजरेतून निसटतो. दुसऱ्या टप्प्यात गाय बसते, मान एका बाजूस वळवते. मुसकट कोरडे पडते, रवंथ थांबते, शेण टाकणे बंद होते. तिसऱ्या टप्प्यात ती आडवी पडते, पोट फुगते, शुद्ध हरपते. उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो.

ज्या गाई बसत नाहीत, त्यांच्याही रक्तातील कॅल्शियम कमी झालेले असू शकते. अशा गाईंत वार अडकणे, कासदाह होणे, पुढे माज उशिरा येणे, असे परिणाम दिसतात.

सलाईन लावण्याची घाई नको

या रोगाचे कारण विज्ञानालाही उशिराच उमगले. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील श्मिट या पशुवैद्यकाने कासेत औषध सोडून गाई बऱ्या होत असल्याचे दाखविले. पुढे कासेत नुसती हवा भरूनही गुण येतो, असे लक्षात आले. कारण कासेतील दाब वाढला की दूध उतरणे थांबते व रक्तातील कॅल्शियम टिकते. १९२५ मध्ये स्कॉटलंडच्या ड्रायर व ग्रेग यांनी कॅल्शियमच्या घटीचा सिद्धान्त मांडला आणि त्यातूनच आजचा उपचार उभा राहिला.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटचे सलाईन मानेच्या शिरेतून दिले असता बसलेली गाय अनेकदा थोड्या वेळात शेण टाकते, ढेकर देते व उठून उभी राहते. मात्र हे औषध वेगाने गेल्यास हृदय बंद पडू शकते. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून ते सावकाश द्यावे लागते, म्हणून हे काम पशुवैद्यकांचेच आहे. सुमारे एक चतुर्थांश गाई दोन दिवसांत पुन्हा बसू शकतात. तेव्हा गुण आला तरी देखरेख सोडू नये.

डॉक्टर येईपर्यंत गाईला आडवी पडू देऊ नये. पोत्यांत भुसा भरून तिला दोन्ही अंगांनी टेकू द्यावा, खाली वाळू किंवा भुशाचा मऊ थर करावा व दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. कठीण फरशीवर सहा तासांहून अधिक काळ बसल्यास मागील पायांचे स्नायू निकामी होऊ लागतात. बसलेल्या गाईला बाटलीने औषध पाजू नये. गिळण्याची शक्ती क्षीण झाल्याने ते फुफ्फुसात जाते.

शेवटचे तीन आठवडे

गाय गाभण असताना भरपूर कॅल्शियम पाजले की हा विकार टळतो, ही समजूत चुकीची आहे. भाकड काळात कॅल्शियम आयते मिळत राहिले की हाडांतून ते काढण्याची यंत्रणा सुस्तावते. चुन्याच्या निवळीवरही विसंबू नये. एक लिटर निवळीत जेमतेम एक ग्रॅम कॅल्शियम असते.

व्यायच्या आधीचे तीन आठवडे आहार बदलणे, हाच खरा उपाय. या काळात लसूणघास कमी करावा, कारण त्यात कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही भरपूर असते. पोटॅशियममुळे रक्ताचा विम्लपणा वाढतो व कॅल्शियम मोकळे करणारे संप्रेरक निष्प्रभ ठरते. याच कारणास्तव खाण्याचा सोडाही या दिवसांत देऊ नये. ज्वारीचा कडबा व मक्याचा मुरघास तुलनेने सुरक्षित. अंबड, घनसावंगी या गोदाकाठच्या तालुक्यांत उसाचे वाढे सर्रास दिले जातात; त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून केवळ वाढ्यांवर गाय ठेवू नये. मॅग्नेशियमयुक्त खनिज मिश्रण व आम्लधर्मी क्षार यांचे प्रमाण पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे.

तिसऱ्या वा पुढील वेताच्या गाईस व्याल्यानंतर लगेच व बारा तासांनी कॅल्शियम जेल पाजता येते. मात्र ती उभी असेल तरच. वासरास पहिल्या दोन तासांत चीक पाजावा, परंतु पहिले दोन-तीन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये.

खरपुडी व बदनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांत पशुपालकांना आहाराविषयी मार्गदर्शन घेता येईल. गाय बसल्यास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. व्यायची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावी आणि व्याल्यानंतरच्या तीन रात्री कोणीतरी एकदा उठून गाईचे कान चाचपून पाहावेत. एवढ्या दक्षतेनेही एखादे जनावर वाचू शकते.